पाटांचं आरमार

कप्तान काचेवर उलटं लिहायचे. देवळीत बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. कोणाकोणाच्या विहिरीवरची जळलेली मोटर नवी तार भरून तयार आहे त्याची यादी दर्शनी काचेवर असायची, आणि ती यादी ते दुकानात बसून, काचेच्या मागच्या बाजूने लिहायचे. रस्त्यावरच्या माणसाला ती सरळ वाचता यायची. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, डाव्या हाताने तांब्याची तार चाचपत, उजव्या हाताने अक्षरं पडत जायची, उजवीकडून डावीकडे, वेलांट्या-उकारांसकट. नवखा शेतकरी आपल्या मोटरचं विचारायचं विसरून बघत राहायचा. त्यांना जाऊन आता वर्ष होईल, पण देवळीत अजूनही कोणी झरझर काही लिहिलं की लोक म्हणतात, कप्तान झाला का बे.

ही विद्या त्यांनी नेव्हीतून आणली होती. जहाजाच्या पोटात एक अंधारी खोली असते. तिच्यात एक उभी काच, काचेच्या एका बाजूला अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला कानाला हेडफोन लावलेला खलाशी. राडारवर काय दिसतंय, कुठून येतंय, किती वेगाने येतंय, ते त्याने काचेवर मांडायचं. अधिकाऱ्यांना सरळ दिसलं पाहिजे म्हणून स्वतः उलटं लिहायचं. पंधरा वर्षं ते कधी राडारच्या पडद्यासमोर बसले, कधी त्या काचेमागे उभे राहिले. म्हणजे ‘कप्तान’ ही गावाने दिलेली बढती होती. "मी काई कप्तान नव्हतो बाप्पा," ते सांगायचे, "मी काचेमागचा माणूस. ठरवणारे काचेपुढं बसत." पण समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजावीत अशा गावात एवढा बारीक भेद करतो कोण?

त्यांच्या दुकानात पाय ठेवला की माणसाची परीक्षा सुरू. "चहा का ताक?" असं विचारायचे आणि लगेच बोटं मिटायला लागायचे. पाचवं बोट मिटेपर्यंत उत्तर आलं नाही तर चहाही नाही आणि ताकही नाही. जुनीच मोटर भरावी की नवी घ्यावी अशा विचारात पडलेल्याला त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकावं लागे: "पक्कं होईस्तोवर थांबला, तो पक्का बुडाला." गंमत अशी की दुकानाला रंग कोणता द्यायचा हे त्यांचं स्वतःचं तीन वर्षं ठरत नव्हतं. भिंतीवर चार रंगांचे चार पट्टे ओढून ठेवलेले होते, आणि त्यांच्या पत्नी इंदूकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मुद्दाम दाखवायच्या. "लोकांले पाच बोटं आन् स्वतःले तीन सालं," त्या म्हणायच्या. अशा वेळी कप्तानांना नेमकं ऐकू यायचं नाही.

या सगळ्याचं मूळ एका लढाईत होतं, आणि ती लढाई कप्तानांच्या जन्माआधीची. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात एक जपानी आरमार एका बेटावर चालून गेलं. विमानं वाहून नेणारी चार मोठी सपाट जहाजं. अर्धी विमानं बेटावर बॉम्ब टाकून परत यायला निघाली होती, आणि उरलेली जहाजांवर दुसऱ्या हल्ल्यासाठी तयार होत होती. तेवढ्यात टेहळणीच्या विमानाचा निरोप आला की समुद्रात शत्रूची जहाजं दिसताहेत. झाली पंचाईत. उरलेल्या विमानांना जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावलेले. जहाज बुडवायला तर पाण्यातून जाणारे टॉर्पेडो हवेत. आहे त्याच बॉम्बवर विमानं सोडायची, की बॉम्ब उतरवून टॉर्पेडो चढवायचे? आणि बेटावरून परतणारी विमानं डोक्यावर घिरट्या घालताहेत, त्यांच्या टाक्या रित्या, त्यांना उतरायला जागा मोकळी हवी. आरमारप्रमुखाने शिस्तीत ठरवलं: आधी परतलेल्यांना उतरवू, टॉर्पेडो लावू, मग सगळे मिळून नीट जाऊ. ती तयारी चालू असताना, बॉम्ब आणि पेट्रोल उघड्यावर असताना, वरून शत्रूची विमानं कोसळली. काही मिनिटांत चारांतली तीन जहाजं पेटली. "त्या जपान्याले मी माह्या दुकानात तार गुंडाळाले नाई ठेवणार," कप्तान म्हणायचे, आणि असे तावातावाने म्हणायचे की तो जपानी कालच्या बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन गेला असावा.

दर रविवारी सकाळी दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये ही लढाई पुन्हा व्हायची. शेडची फरशी हा समुद्र. जेवायला बसायचे चार लाकडी पाट ही चार जहाजं. पाट हा आपल्या घरातला मुळातच विमान उतरवण्याजोगा पदार्थ आहे हे मला तिथे कळलं. सोड्याच्या बाटल्यांची उलटी ठेवलेली झाकणं म्हणजे विमानं. झाकणात चणा असेल तर बॉम्ब, शेंगदाणा असेल तर टॉर्पेडो. उपडी परात म्हणजे बेट. दोरीवर एक जुनं लुगडं टांगलेलं, त्याच्यामागे शत्रूची जहाजं आहेत असं धरायचं, आणि तिथे हल्ला करणारा आपली झाकणं घेऊन बसायचा. तिपाईवर बसेल तो आरमारप्रमुख. गजराचं घड्याळ पाच मिनिटांचं लावायचं. दाणे बदलायचे तर एका हाताने, एका वेळी एकच झाकण. विमान सोडायचं तरी तसंच. भरलेल्या झाकणांच्या पाटावर शत्रूचं झाकण येऊन पडलं की पंच तो पाट सरळ उपडा करायचा, चणे-शेंगदाणे शेडभर. आणि परतलेल्या विमानांना अर्ध्या मिनिटात मोकळा पाट मिळाला नाही तर ती पाण्यात. पाणी म्हणजे कोपऱ्यातली बादली, जिच्यात कप्तान दिवसभर ऑइलचे हात धुवायचे.

मी पहिल्यांदा गेले ती शेंगदाण्यांसाठी. बारा-तेरा वर्षांची असेन. आमचं किराण्याचं दुकान समोरच होतं, आणि आमच्याकडून गेलेले शेंगदाणे तिथे खारे करून ठेवलेले असतात अशी पक्की बातमी होती. पहिल्याच रविवारी मी तिपाईवर बसले, चणे की शेंगदाणे या घोळात चार मिनिटं घालवली आणि चारही पाट उपडे करून घेतले. कप्तान लुगड्यामागून बाहेर आले. "प्राजू, तुह्या जहाजावर आठशे माणसं होते. तू त्याईले काय सांगशील?" मी म्हटलं, सॉरी. शेड हसलं, पण कप्तान हसले नाहीत. घरी जाऊन मी रडले, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर झाले. माझ्या आयुष्यात इतकी धडधड मग बोर्डाच्या निकालालाही झाली नाही.

गावातल्या मोठमोठ्या माणसांना त्या तिपाईवर घाम फुटलेला मी पाहिला आहे. त्यातले बिनीचे धनराजभाऊ. त्यांचं बियाण्या-खतांचं दुकान, शिवाय वीस एकर कपाशी. दरसाल कापूस घरात भरून ठेवायचा आणि भाव चढेपर्यंत विकायचा नाही, यात त्यांची हयात गेलेली. घरात चालायला जागा राहायची नाही, मुलं कापसावरच झोपायची आणि खाजवत शाळेत यायची. तेच डोकं ते तिपाईवर घेऊन बसायचे. शत्रू दिसल्याचा निरोप आला की मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "थांबा. घाई नाई करायची. अजून बातमी येऊ द्या." चारही पाट विमानांनी गच्च भरलेले, आणि धनराजभाऊ बातमी पिकायची वाट बघताहेत. मग लुगडं हलायचं. कप्तानांची सवय अशी की आधी चार-पाच झाकणं अगदी खालून, फरशीला घासून पाठवायची. पंच ती सगळी मारलेली धरायचा, पण प्रमुखाची नजर खाली गुंतायची, आणि मग खरा हल्ला वरून, डोक्यावरून. "भाऊ, विमान म्हणजे कापूस नव्हे," पाट उपडा झाला की कप्तान लुगड्यामागून म्हणायचे. "पडला पडला तरी कापूस कापूस राह्यते. हे पडल्या पडल्या पेटते." धनराजभाऊ पुढच्या रविवारी पुन्हा थांबायचे. आमच्याकडे थांबणं ही हुशारी समजतात, आणि ती पिढ्यांची हुशारी पाच मिनिटांत सुटत नाही.

कप्तान स्वतः मात्र तिपाईवर कधी बसले नाहीत. कायम लुगड्यामागे, नाही तर पंच. आम्ही मागे लागायचो: काका, एकदा तुम्ही वाचवून दाखवा ना चार पाट. "माहे गुडघे दुखते," ते म्हणायचे. कधी घड्याळ बिघडायचं, कधी गिऱ्हाईक यायचं. सगळ्या देवळीला ठरवायला शिकवणारा हा माणूस स्वतः ठरवायच्या जागेवर बसला तर काय करेल, हे बघायची मला तहान लागली होती. का बसत नाहीत, ते मला सोळाव्या वर्षी कळलं, आणि ते आंजी गावात कळलं.

आंजीला कप्तानांचे थोरले भाऊ शेती करायचे. त्यांच्या शेतात नवसाचे रोडगे होते. आम्ही देवळीची दहा-बारा मंडळी गेलो होतो. रोडगे म्हणजे धूर आलाच: कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, वांग्याची भाजी चुलीवर. विस्तव पेटवला तो वडाखाली, कारण सावली तिथे, आणि दरसाल तिथेच पेटवायचे. वडाच्या वरच्या फांदीला आग्यामोहोळ लोंबत होतं. सगळ्यांना दिसत होतं. थोरले भाऊ म्हणाले, "ते दरसाल राह्यते. काई नाई करत बिचारं." आणि वर गोवऱ्यांचा एक डाला आणखी ओतला.

मी आणि कप्तान शेजारी उभे होतो. धूर सरळ वर चालला होता. कप्तानांनी मान वर केली आणि ते बोलायचे थांबले. त्या काळ्या पोळ्यावरून एक थरथर गेली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मी म्हटलं, "काका, काय?" ते म्हणाले, "थांब. जरा पाहू दे." पुन्हा थरथर. "काका?" "अजून एक डाव पाहू दे." हे बोलणं मी दर रविवारी ऐकत होते, फक्त या तोंडून नाही.

तिसरी थरथर पुरी झालीच नाही. पोळं फुटलं आणि आकाश खाली आलं. पुढचं मला तुकड्यांत आठवतं. माणसं सैरावैरा, कोणी विहिरीकडे, कोणी नुसतं गोल. भाजीचं पातेलं लवंडलं. आणि माझ्या तोंडून, माझ्या परवानगीशिवाय, शेडमधला आवाज निघाला: "पळू नका. सतरंजीखाली घुसा. धनराजभाऊ, ओला पाला टाका विस्तवावर." आणि धनराजभाऊंनी, जन्मभर थांबलेल्या धनराजभाऊंनी, एका क्षणात अख्खी फांदी ओढून विस्तवात घातली. पांढरा धूर पसरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची ताडपत्री दोघा-तिघांनी ओढली, बायका लेकरांना घेऊन तिच्याखाली गेल्या, मी इंदूकाकूंना धरून सतरंजीत गुंडाळलं. फटीतून पाहिलं तर कप्तान अजून तिथेच उभे. मान वर, हात खाली, चेहऱ्यावर माश्याच माश्या. मी आणि धनराजभाऊंनी त्यांना पाय ओढून आडवं केलं आणि सतरंजीखाली घेतलं.

कोणी दगावलं नाही. थोरल्या भावांना मात्र फार डंख बसले, श्वास लागला, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. गावात माझं कौतुक सुरू झालं. मला ते गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. कप्तानांचा एक डोळा बंद, ओठ सुजून वर आलेला. मला हसू आलं आणि हसताना भरूनही आलं. त्यांनी मला समोर बसवलं. चहा की ताक विचारलं नाही.

"तुले एक सांगतो," ते म्हणाले. "कोणाले नाई सांगितलं. इंदूलेही अर्धंच माहीत आहे. आमचा सराव होता समुद्रात. आपलेच विमानं आपल्याच जहाजावर येणार, पण कधी येणार ते सांगणार नाई. मी पडद्यासमोर. एक ठिपका आला. मले वाटलं, ढग असन. म्हटलं, पडद्यावरची रेघ फिरून दुसरा फेरा येऊ दे, मंग सांगतो. दुसऱ्या फेऱ्यातही होता. मले वाटलं, चुकीचं ओरडलो तर सगळे हासन. म्हटलं, तिसरा येऊ दे. तिसऱ्या फेऱ्यापर्यंत ते डोक्यावर आलते." सुजल्या ओठांनी बोलणं जड जात होतं. "पंच आला कागद घेऊन. म्हणे तुमचं जहाज बुडालं. बस, एवढंच. कोणी रागावलं नाई. दुपारी पुरी-भाजी होती. मी रांगेत उभा होतो थाळी घेऊन, आन् माह्या पुढं सगळे मेलेले, मागं सगळे मेलेले, आन् हासून राह्यले, जेवून राह्यले. मले घास नाई गेला."

मी म्हटलं, काका, तो तर सराव होता. "हो न. म्हणूनच वाचलो," ते म्हणाले. "मंग मी म्हटलं, पोट्ट्याईले शिकवू. सगळ्या गावाले शिकवू. म्हणजे फिटन. परवा पाह्यलं न तू, मी वर पाहत होतो. तीस सालानं पुन्हा तोच ठिपका आला, आन् मी पुन्हा तिसऱ्या फेऱ्याची वाट पाहत होतो." मी उठून दोन कप चहा केला. त्यातला एक त्यांनी गार करून प्यायला.

रविवार चालूच राहिले. मी शिकले, वर्ध्यात शाळेवर गणित शिकवायला लागले, नालवाडीला खोली घेतली, आणि तरी जमेल त्या रविवारी देवळीची बस धरायची. आता लुगड्यामागे मी बसायची आणि कप्तान पंच असायचे. हात थरथरायला लागल्यामुळे खालून झाकणं सोडणं त्यांना जमत नव्हतं. तिपाईवर नवी नवी पोरं यायची, बुडायची, पुन्हा यायची. फोनवर सबंध महायुद्धं खेळणारी पोरं, पण लुगडं हललं की त्यांचीही बोटं चण्यावरच अडायची. त्या जपान्याला कप्तान अजून तशाच शिव्या द्यायचे.

मग दुकान विकायचं ठरलं. मुलीने आई-बापाला नागपूरला बोलावलं, मंगळवारी निघायचं. शेवटच्या रविवारी शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पहिला डाव झाला, दुसरा झाला, आणि मी लुगड्यामागून बाहेर येऊन म्हटलं, "काका, आता तुम्ही बसा." "गुडघे," ते म्हणाले. इंदूकाकू सामान बांधता बांधता दारात आल्या होत्या. "बसा न आता," त्या म्हणाल्या. "गावाले बसवून बसवून तिपाई झिजली." कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. ते तिपाईवर बसले. पंच म्हणून धनराजभाऊ बादलीपाशी उभे राहिले.

मी ठरवलं होतं की सवलत द्यायची नाही. त्यांनीच शिकवलेलं सगळं वापरायचं, आणि ते थांबले तर चारही पाट उपडे करायचे. म्हाताऱ्या माणसाला खोटा विजय देणं हा मला त्यांचा अपमान वाटत होता. घड्याळ लावलं. पाटांवर चण्यांनी भरलेली झाकणं, परातीवर बेटाकडे गेलेली बाकीची विमानं. पहिल्या मिनिटाला मी खालून चार झाकणं घासत सोडली. मारली गेली. आणखी चार. तीही गेली. दोन मिनिटं होताच धनराजभाऊंनी निरोप वाचला: "शत्रूची जहाजं दिसली. किती, ठाऊक नाई. विमानं घेऊन आहेत का, ठाऊक नाई."

लुगड्याच्या विरलेल्या जागेतून मला ते दिसत होते. हात चण्यांच्या वर अधांतरी. नजर शेंगदाण्यांच्या वाटीवर. मी मनात बोटं मिटायला लागले. एक. दोन. त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. माझी झाकणं माझ्या मुठीत घामाने ओली झाली होती. तीन. आणि मला कळलं की मी, शत्रू, मनात नवस बोलतेय: बोला, काका, काहीही बोला.

"सोडा," कप्तान म्हणाले. "आहे तसेच सोडा. चणे तर चणे."

आणि त्यांचा हात चालायला लागला. थरथरणारा हात, पण एक झाकण, दुसरं, तिसरं, पाटावरून उचल, माझ्याकडे टाक. शेड खवळलं. पोरं ओरडत होती, काका डावीकडचा पाट, काका तिसरा. तिसऱ्या मिनिटाला बेटावरून विमानं परतली. दोन पाट मोकळे झाले होते, त्यांवर मावली तेवढी उतरली. बाकीची घिरट्या घालत होती. कप्तानांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात थांबवला नाही. उरलेल्या दोन पाटांवरून विमानं सोडतच राहिले. धनराजभाऊ कायद्याने वागले. टुबुक. टुबुक. एकेक झाकण बादलीत. चौथं मिनिट लागलं आणि मी वरून कोसळले, माझ्याकडचं सगळं घेऊन. एक पाट अजून अर्धा भरलेला होता, तो उपडा झाला. पण बाकीच्या तिन्ही पाटांवर भरलेलं झाकण एकही नव्हतं. पेटण्याजोगं त्यांच्यावर काही नव्हतं. मी आदळले आणि पाट नुसते सरकले. गजर वाजला तेव्हा फरशीवर तीन पाट तरंगत होते, आणि लुगड्यामागे माझ्या जहाजांवर कप्तानांचे चणे पडलेले होते.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू. पोरांनी त्यांना तिपाईसकट उचलायचं बाकी ठेवलं. धनराजभाऊ डोळे पुसत सगळ्यांना खारे शेंगदाणे वाटत सुटले. मी लुगडं बाजूला सारून धावले, त्यांचे पाय धरायला. पण कप्तान तिपाईवर नव्हते. ते कोपऱ्यात बादलीपाशी उकिडवे बसले होते, गुडघ्यांची पर्वा न करता, आणि कोपरापर्यंत हात घालून त्या काळ्या पाण्यात चाचपत होते. एकेक झाकण काढून सदऱ्याला पुसून ओळीने ठेवत होते.

"बाही भिजून राह्यली तुमची," इंदूकाकू म्हणाल्या.

"हे आपलेच पोट्टे," ते म्हणाले. "मीनच पाण्यात पाडले. वर घिरट्या घालत होते, पाहत होतो मी. मीनच जागा नाई देल्ली." मी शेजारी बसले. म्हटलं, काका, तीन जहाजं वाचली. "वाचले न," ते म्हणाले. "बरोबरच केलं. पुन्हा बसलो तरी हेच करीन." हात पाण्यातच होता. मग हळू म्हणाले, "पण आता समजलं प्राजू, तो काऊन थांबला ते. त्याले हे पोट्टे दिसून राह्यले असन. मी उगाच त्याले इतके सालं शिव्या देल्ल्या." आणि खरंच त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून त्या जपान्यासाठी वाकडा शब्द आला नाही. स्वतःसाठीही नाही. मुलगी सांगायची, नागपूरला सरावाची ती गोष्ट ते आता नातवंडांना हसत हसत सांगतात, मेलेल्यांच्या रांगेसकट.

मंगळवारी मी शाळेत रजा टाकून पहिल्या बसने देवळीला गेले. गाडी दुकानासमोर उभी होती, मागे गाद्या आणि डबे. इंदूकाकू आत बसून रडत होत्या आणि पाण्याची बाटली कुठे ठेवली ते शोधत होत्या. कप्तान पुढच्या सीटवर. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तशी त्यांनी काच खाली केली आणि माझा हात धरला.

"प्राजू, एक राह्यलं. धनराज म्हणते, अकरा पडले. माह्या हाताले नऊच लागले. दोन राह्यले पाण्यात."

"मी काढले काका," मी म्हटलं. "दोन्ही काढले."

"सापडले?"

"सापडले."

त्यांनी मान हलवली, हात सोडला आणि मागे टेकले. मग पुन्हा काचेबाहेर तोंड काढून म्हणाले, "नागपूरले येजो." गाडी बाजाराच्या वळणावर दिसेनाशी झाली.

मी बादलीकडे पाहिलंही नव्हतं. तशीच मागे शेडमध्ये धावले. बादली धुवून नळाला पालथी घातलेली होती. काकूंनी आवराआवर करताना ती कढीपत्त्याच्या झाडाखाली ओतलेली असणार. तिथली माती काळी आणि ओली होती, आणि तिथून एक चर थेट भिंतीबाहेरच्या नालीत गेला होता. मी पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसले. पहिलं झाकण झाडाच्या बुंध्याशीच सापडलं, चिंधीत अडकलेलं. दुसरं शोधण्यात दुपार गेली. धनराजभाऊ दुकान सोडून आले आणि त्यांनी बाह्या सारून नालीत हात घातला. तीन वाजायला आले तेव्हा सडक्या पानांच्या खाली माझ्या बोटांना ती दातेरी कड लागली. धुतलं, पुसलं, नऊंच्या ओळीत दोन्ही ठेवली. धनराजभाऊ म्हणाले, "फोन लाव त्याईले, सांग सापडले म्हणून."

मी फोन लावला नाही. त्यांना सांगून तर सकाळीच झालं होतं.